विमानाच्या इंजिनाची गोधडी: नाना पेठेतल्या एका शिलाईच्या दुकानाबद्दल

दुकानाचं नाव देत नाही, त्याचं कारण आधी सांगून टाकतो. मालकांना मी विचारलं होतं, "शेठ, तुमच्या कामाबद्दल थोडं लिहू का?" ते म्हणाले, "लिहा की. पण नाव नको. लोक फोन करकरून कधी देणार, कधी देणार विचारत बसतात." म्हणजे जो प्रश्न त्यांना नको असतो, नेमका तोच मी पाच आठवडे विचारत होतो. तर एवढंच सांगतो: नाना पेठ, सीटकव्हर आणि ताडपत्रीवाल्यांची ओळ, अरुंद जिना चढून वर. दुपारी बंद, हे पुण्यात वेगळं सांगायला नको. वर तीन मशिनं, कापायचं एक लांबलचक टेबल आणि मास्टर. तिथून मी जी वस्तू शिवून घेतली, ती म्हणजे विमानाच्या इंजिनावर घालायची रजई.

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालो. विमानाशी माझा संबंध लेकीमुळे. कॉलेजात असताना ती हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला एकदा बसून आली आणि तिथून बिघडली. ग्लायडरला इंजिनच नसतं, विंचने दोर ओढून वर सोडतात, त्यामुळे तेव्हा इंजिन गरम करायची भानगड नव्हती. आता ती कॅनडात विनिपेगजवळ असते आणि चौघांत मिळून त्यांनी एक जुनं सेसना १७२ घेतलंय. १९७४ सालचं, म्हणजे माझ्या नोकरीपेक्षा जुनं. दीडशे हॉर्सपॉवरचं लायकॉमिंगचं चार सिलिंडरचं इंजिन, हवेने थंड होणारं. हँगरचं भाडं परवडत नाही म्हणून विमान उघड्यावर, दोरांनी जमिनीला बांधलेलं.

पुण्यात पारा ९ वर आला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो आणि माझी माकडटोपी निघते. तिकडे जानेवारीत रात्री उणे २० ही नेहमीची गोष्ट. गाड्या उभ्या करायच्या जागेवर विजेचे खांब असतात आणि मोटारींच्या नाकातून प्लगची वायर लोंबत असते, कारण रात्रभर इंजिन गरम ठेवलं नाही तर सकाळी गाडी सुरू होत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमच्या घाटातल्या डेपोंची आठवण झाली. थंडीत ड्रायव्हर लोक गाडी मुद्दाम उतारावर लावायचे, सकाळी रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतायचे आणि तरीही नाही ऐकलं तर प्रवाशांना खाली उतरवून धक्का. विमानाला ना रेडिएटर, ना धक्का.

गेल्या वर्षी जानेवारीत लेकीचा फोन आला. "बाबा, इंजिन दोन ठोके घेतं आणि गप्प बसतं. मग काही केल्या नाही." मी म्हटलं, प्लग काढून बघ. प्लगच्या टोकांवर बर्फ! पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन चालू राहिलं तर ती निघून जाते, पण दोन ठोक्यांत बंद पडलं तर तीच वाफ गार प्लगवर गोठते आणि मग ठिणगी पडत नाही. चाळीस वर्षं इंजिनात हात घालून मी हे कधी पाहिलं नव्हतं. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून लोक जास्त प्राइम करतात, म्हणजे सुरू करण्याआधी आत थेट पेट्रोल सोडतात. त्याने सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन जातं, आणि कार्ब्युरेटरला आग लागायची भीती वेगळीच.

पण सुरू न होणं परवडलं. गार इंजिन सुरू झालं, तर खरं नुकसान तेव्हा होतं. ५० ग्रेडचं तेल उणे २० ला काकवीसारखं होतं, पंपाला ते ओढता येत नाही. या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या वर बसवलेला आहे, म्हणजे तेल पोचायला सगळ्यात उशीर तिथेच. त्यात आणखी एक गोष्ट, जी मी आमच्या सोसायटीतल्या दोन इंजिनिअरांना विचारली आणि दोघांनी चुकीचं उत्तर दिलं. थंडीत बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे क्रँकभोवतीची फट, वाढतो की कमी होतो? कमी होतो. क्रँकभोवतीची केस, म्हणजे पेटी, अ‍ॅल्युमिनियमची, क्रँक स्टीलचा, आणि अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट आकसतं. ६० मिलिमीटर व्यासाला ४० अंशांचा फरक धरला तर ढोबळमानाने एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) गेला. क्लिअरन्सच मुळात दोन-तीन थाऊचा असेल तर राहिलं काय? इकडे पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. तो सुरू झाल्याबरोबर तापून फुगतो, आणि बाहेरचा स्टीलचा सिलिंडर अजून गारच असतो. घासणार नाही तर काय होईल.

म्हणून लायकॉमिंगचं सांगणं आहे की बहुतेक मॉडेलं उणे १२ च्या खाली आधी गरम केल्याशिवाय सुरू करू नका, आणि काही मॉडेलांना तर उणे ७ च्या खालीच हा नियम. विमानांची इंजिनं बनवणारे दुसरे, कॉन्टिनेन्टलवालेही, इंजिन दोन तास उणे ७ किंवा त्याखाली राहिलं असेल तर गरम करा म्हणतात.

लेकीच्या विमानाला हीटर आहे, तेलाच्या चेंबरला खालून चिकटवलेला पॅड. परवानाधारक मेकॅनिकने बसवलेला, कागदपत्रांसकट. तरी इंजिन कुरकुरत होतं. ती म्हणाली, "तेल तर कोमट आहे बाबा, मग?" मी म्हटलं, "अगं, पायाला शेक दिला म्हणून डोकं गरम होतं का?" चेंबरची उष्णता वर चढते खरी, पण काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या, पुढच्या दोन नाकपुड्यांतून वारा आत शिरतो आणि ती घेऊन जातो. सिलिंडर गारच. वर आणखी एक: कोमट तेलातली दमट वाफ वर जाऊन गार कॅमवर दव धरते, म्हणजे गंजाला आमंत्रण. हीटर वाढवून उपयोग नव्हता. उष्णता धरून ठेवायला हवी होती.

तिकडे तयार कव्हरं मिळतात, काही शे डॉलरला. चौघांच्या भागीदारीत काही शे डॉलर म्हणजे चार मतं. मी म्हटलं, गोधडीच तर आहे, नाना पेठेत शिवून देतो. शिवाय पॅडसारखं हे विमानाला कायमचं बसवायचं नाही. उडण्याआधी काढून ठेवायचं, म्हणजे मंजुरीचे कागद लागत नाहीत.

कल्पना माझी नाहीच. उत्तरेकडे बर्फातून विमानं नेणारे जुने वैमानिक रात्री उतरल्यावर गरम असतानाच तेल डब्यात काढून घ्यायचे, तो डबा झोपायच्या जागी न्यायचे, सकाळी शेगडीवर तापवून परत इंजिनात ओतायचे. आणि इंजिनावर कॅनव्हासचा तंबू टाकून त्याखाली स्टोव्ह पेटवून स्वतः शेजारी पहारा देत बसायचे, कारण पेट्रोलच्या टाकीखाली जाळ ही काही सोडून जायची गोष्ट नव्हे.

दिवाळीत लेक आली तेव्हा काउलिंगवर घालून मार्करने आखलेली जुनी चादर घेऊन आली. ती बगलेत मारून मी दुकानात गेलो. शेठनी विचारलं, "कुठली गाडी?" मी म्हटलं, "सेसना." ते म्हणाले, "नवीन आलीय का?" आतून मास्टर म्हणाले, "विमान आहे ते." पुढचं सगळं बोलणं मी मास्टरांशीच केलं, आणि तुम्ही गेलात तर तुम्हीही तेच करा.

मास्टरांनी आधी सुचवलं, "काका, आत एक शंभरचा बल्ब सोडून द्या, कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा." हे तिकडेही लोक करतात. पण पेट्रोलच्या वाफा, फुटणारी काच आणि आत लोंबणारी वायर यांचा भरवसा मी धरत नाही. मास्टरांनी लगेच मान्य केलं. मग त्यांनी कापड दाखवलं: रेक्झिन. स्वस्त, पाणी लागत नाही, पुसून घेता येतं. मला शंका होती. माझ्या एका मित्राचं कोल्ड्रिंक हाउस आहे. त्याच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला मी पाच कापडांचे तुकडे एक रात्र ठेवले, मस्तानीच्या आइस्क्रीमच्या डब्यांशेजारी. सकाळी रेक्झिन पुठ्ठ्यासारखं कडक, आणि घडी घालताच घडीवरच तडकलं. कोटिंग केलेलं नायलॉन मऊ राहिलं. तुकडे घेऊन परत गेलो तर मास्टरांनी तडकलेला तुकडा दोनदा उलटसुलट केला आणि खिशात ठेवला. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता.

आणि मग ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय ती. मी सांगितलं होतं, बाहेर नायलॉन, आत मऊ अस्तर म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत, मध्ये पॉलिएस्टरचं वॅडिंग, आणि चौकडीची टीप मारा. मास्टर म्हणाले, "टीप मारली तिथे वॅडिंग दबणार. दबलं तिथून थंडी शिरणार. माझी आई गोधडी शिवायची, दोन थर असले की खालच्याचे टाके वरच्याच्या टाक्यांखाली कधी येऊ द्यायची नाही." म्हणून त्यांनी दोन पातळ रजया वेगवेगळ्या शिवल्या, टिपांच्या रेघा अर्ध्या चौकडीने सरकवून, आणि फक्त कडेला जोडल्या. सुचवायला हवं होतं मला, सुचलं त्यांना. याचे त्यांनी जास्तीचे पैसे लावले नाहीत. वेळ मात्र दुप्पट लावला.

चेनही त्यांनीच रद्द केली. मी म्हटलं होतं चेन, लेक म्हणाली होती वेल्क्रो. मास्टरांचं म्हणणं, चेनमध्ये पाणी गेलं आणि गोठलं तर काय ओढणार? वेल्क्रोत भुसभुशीत बर्फ भरला की ते चिकटत नाही, हे लेकीनेच नंतर कबूल केलं. शेवटी पट्टे आणि शाळेच्या दप्तराला असतात तशी मोठी बकलं, जाड हातमोज्यांनीही दाबता येतील अशी. नाकपुड्यांसाठी फोमचे दोन बोळे, त्यांना लाल फीत, म्हणजे काढायचे राहिले तर डोळ्यांत खुपेल. बोळे आत ठेवून इंजिन चालवलं तर गरम करायची हौस कायमची फिटेल.

आठ दिवस म्हणाले होते. लागले पाच आठवडे. मध्ये लग्नसराईच्या गाड्यांची सीटकव्हरं आली, मग मास्टर गावी गेले, मग मशिनचा पट्टा तुटला. कारणं खरी असतील. पण प्रत्येक वेळी "उद्या या" म्हणून मला सहकारनगरहून दोन बस बदलून बोलावलं याचा मला राग आहे, आणि तो मी इथे नोंदवतो. "पुढच्या महिन्यात या" म्हणाले असते तर मी काही भांडलो नसतो.

मापाची खात्री करायला मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि बॅटन वापरून पार्किंगमध्ये विमानाचं नाक उभं केलं. वॉचमनने विचारलं, "साहेब, आत्तापासून देखावा?" कव्हर त्यावर चोख बसलं. मी खूश. ओळखीच्या एकाबरोबर पार्सल विनिपेगला गेलं आणि तिसऱ्या दिवशी फोन: "बाबा, तेल बघायची खिडकी उलट्या बाजूला आहे. हीटरच्या वायरचं भोकसुद्धा."

चादर उलटी धरली गेली होती. मार्कर दोन्ही बाजूंना उमटलेला, त्यामुळे आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली हे कळायला मार्ग नव्हता. आणि पुठ्ठ्याचं नाक मी त्याच उलट्या चादरीवरून कापलेलं, त्यामुळे तपासणीत चूक सापडणारच नव्हती. माप आणि तपासणी दोन्ही एकाच चुकीच्या नकाशावरून! वर्कशॉपमध्ये एखाद्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला दिवसभर ऐकवलं असतं. मी दुकानात गेलो ते भांडायच्या तयारीने नाही, तोंड लपवायच्या तयारीने.

मास्टर म्हणाले, "कात्री आहे का ताईंकडे?" तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. दुकान बंद करायची वेळ झाली होती. शेठ गल्ला मोजून निघून गेले, मास्टर थांबले. व्हिडिओ कॉलवर त्यांनी लेकीला नवी खिडकी कुठे कापायची, कड किती दुमडायची आणि बखिया कशी घालायची हे दाखवलं, हातात एक चिंधी धरून, प्रत्येक टाका तिला करून दाखवत. कापलेला तुकडा जुन्या भोकावर ठिगळ म्हणून लागला. सव्वा तास गेला. लेकीने शाळेत शिवणाच्या तासाला जेवढे टाके घातले नसतील तेवढे त्या दिवशी घातले. पैसे विचारले तर म्हणाले, "ताईंनी शिवलंय, माझे कसले?"

आता उपयोगाबद्दल. फक्त पॅड असताना, लेकीच्या सांगण्यावरून, सकाळी तेल कोमट आणि सिलिंडर बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम उबदार. कव्हर घातल्यावर बाहेर उणे २२ असताना सिलिंडरच्या डोक्यावरचा काटा शून्याच्या वर, अधिक ११ ला. तोच पॅड, तेवढीच वीज. पहिल्या सेल्फला इंजिन चालू. मध्येच कुठे उतरून दोन-तीन तास जेवायला थांबायचं असेल आणि तिथे वीज नसेल, तर नुसत्या कव्हरवरही इंजिनातली ऊब टिकते. माझ्या मते कव्हरचा खरा फायदा इथेच आहे, कारण हीटर वायरीला बांधलेला असतो आणि गोधडी घडी घालून मागच्या सीटवर टाकता येते.

दोन उणिवा. एक, सायलेन्सरच्या नळीजवळच्या कडेला पहिल्याच आठवड्यात काळा डाग पडला. इंजिन बंद केल्यावर ती नळी गार होईपर्यंत थांबायला हवं होतं, आणि उणे २० मध्ये कोण थांबतं? तेवढ्या भागाला वेल्डिंगवाले वापरतात तसल्या काचतंतूच्या कापडाची पट्टी हवी. ते बोहरी आळीत मिळालं, मास्टरांनी पट्टी शिवून ठेवलीय. दुसरी उणीव माझ्या डोक्यातली. विमानाच्या नाकावरचा पंखा (प्रोपेलर) उघडाच राहिला. अ‍ॅल्युमिनियमचा पंखा थेट क्रँकला बोल्टने आवळलेला असतो, म्हणजे रात्रभर दोन्ही हातांनी आतली उष्णता बाहेर फेकत बसतो. हवेवर थंड होणाऱ्या सिलिंडरांना उष्णता बाहेर टाकायला ज्या पात्या असतात, त्यांचंच हे मोठं भावंड. त्यालाही मोजे हवेत.

खर्च सांगतो, कारण लोक तेच विचारतात. कापड, वॅडिंग, बकलं मिळून ४,१०० आणि शिलाई २,८००. पावती मागितल्यावर मिळाली, न मागता नाही. शेठ घासाघीस करत नाहीत. करायला गेलात तर सरळ मोबाइल बघायला लागतात. मोटारीचं साधं सीटकव्हर हवं असेल तर ओळीतली खालची दुकानं लवकर देतील, वर चढू नका. वेडंवाकडं काही असेल, ज्याचा साचा कुठेच मिळत नाही, तर चढा, आणि घाई असेल तर तसं तोंडावर दाखवू नका.

पंख्याच्या मोज्यांची चादर गेल्या आठवड्यात आली. लेकीने या वेळी तीन ठिकाणी 'बाहेरची बाजू' असं लिहिलंय, एका ठिकाणी लाल शाईने. मास्टरांनी ती पसरून बघितली, हसले आणि म्हणाले, "आठ दिवस." मी लेकीला फेब्रुवारी सांगितलंय.